पुढं एक, मागं तीन

आमच्या जीपला पुढं जायला एक गियर होता आणि मागं जायला तीन. ही रचना मी स्वतः, पूर्ण शुद्धीत, पाटीवर आकृती काढून केलेली होती.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची गोष्ट. आमची वस्ती पुणतांब्यापासून साडेचार मैल आत, पाटाच्या कडेला, काळ्या रानात. काळी जमीन उसाला चांगली. चाकाला मात्र नाही. श्रावण संपेपर्यंत आमच्या वाटेचा असा काही लगदा व्हायचा की चालताना माणूस पुढं जायचा आणि चप्पल मागं राहायची. वडिलांनी, म्हणजे दादांनी, नगरला लष्कराच्या लिलावातून एक जुनी जीप आणली होती. चारही चाकं ओढणारी. पण तिची चाकं लहान, चिखलात गेली की गाडीचं पोट जमिनीला टेकायचं आणि चारही चाकं जागच्या जागी गरगरत राहायची. मग बैल जुंपून ती बाहेर काढायची. बैल आमच्याकडे अशा नजरेनं बघायचे की मला लाज वाटायची.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. नगरला मोटार इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करायला गेलो होतो आणि दोन वर्षांनी डिप्लोमा तिथंच ठेवून परत आलो होतो. तरी घरात मी 'शिकलेला' होतो. त्यामुळे जीपचं काहीही झालं की दादा म्हणायचे, "वसंताला इचारा." आणि वसंता सांगायचा. न विचारताही सांगायचा.

त्या उन्हाळ्यात मला भंगाराच्या बाजारात लष्कराच्या एका मोठ्या गाडीचे चार टायर मिळाले. माझ्या कमरेच्या वर येणारे, आणि वर हाताची बोटं आत जातील एवढ्या खोल खाचा. मी ते घरी आणले तेव्हा आई ओट्यावर डाळ निवडत होती.

"हे काय रं?"

"टायर."

"कुनाचे?"

"आपल्या जीपचे."

आईनं जीपकडे पाहिलं, टायरांकडे पाहिलं आणि पुन्हा डाळ निवडायला लागली. "बकरीला हत्तीचं पाय," एवढंच म्हणाली.

टायर बसले. आधी ते चिखलपत्र्याला घासत होते म्हणून खालचे पाटे, म्हणजे स्प्रिंगांच्या पट्ट्या, उंच केले. पाटे उंच केले तर जीप अशी उभी राहिली की दादांना चढायला पायाखाली वेताचा मोडा लागायला लागला. आणि एवढं करून गाडी हलेना. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडीला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणजे इंजिनावर जोर जास्त. आमचं इंजिन पहिल्या गियरमध्ये दोन आचके द्यायचं आणि बंद पडायचं. मी दादांना शास्त्रीय भाषेत समजावलं की आता मागच्या एक्सलच्या पोटातले, चाकं फिरवणारे दात्यांचे गियर बदलायला हवेत. कमी वेगाचे, जास्त ओढीचे.

"म्हंजे टायरासाटी गाडी बदलायची," दादा म्हणाले.

"गाडी नाही दादा, फक्त एक्सल."

"आज एक्सल. उद्या?"

उद्या इंजिन लागेल हे मला माहीत होतं.

इथं माझी बायको शालन हिच्याबद्दल सांगायला हवं, कारण ह्या सगळ्यात खरं नुकसान तिचं व्हायचं होतं. शालन काष्टी गावची. आमच्या लग्नाला दीड वर्ष झालेलं, आणि ती पहिलटकरीण. रीतीप्रमाणे बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात तिचा थोरला भाऊ तिला न्यायला एस्टीनं दोन गाड्या बदलून आला, तेव्हा मी त्याला म्हणालो (हे वाक्य शालन आजही माझ्या आवाजात म्हणून दाखवते), "एस्टीत कशाला तिचे हाल? आठ दिवसांत जीप तयार होतेय. मी स्वतः आणून सोडतो." बिचारा चहा पिऊन परत गेला. आठ दिवसांचे सहा आठवडे झाले. एक्सल मिळेपर्यंत तीन गेले, आणि बाकीचे ते बसवण्यात.

मिळालेला एक्सल भक्कम होता, हवे तसे गियर आतच होते. पण तो दुसऱ्या गाडीचा. आमच्या जीपचे पाटे त्यावर बसायचे तर पाटे टेकवायच्या पट्ट्या नव्या जागी वेल्डिंग करायला हव्यात. गावातले गणपत मिस्त्री ह्या कामासाठी आले. साठीचे, काटकुळे, कमी बोलणारे. त्यांनी एक्सल गोठ्याशेजारच्या छपरात आडवा टाकला. मी पाटीवर आकृती काढली, खडूनं एक्सलवर खुणा केल्या आणि म्हणालो, "इथं आणि इथं."

मिस्त्री एक्सलभोवती एक फेरी मारून आले. "वसंतराव, तेल भरायचं बूच खाली आलंय. आन सांडायचं वर."

"दुसऱ्या बनावटीचा आहे तो."

"आन हितून इंजिनाचा दांडा जोडायचा, तर त्यो जरा तिरका जातोय."

"तिरका चालतो. पुस्तकात आहे."

पुस्तकात तसलं काहीही नव्हतं. आणि असतं तरी पुस्तक नगरलाच राहिलं होतं. मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, विडी विझवली आणि वेल्डिंग सुरू केलं. शिकलेल्या माणसाशी त्यांनी वाद घातला नाही, आणि हा त्यांचा एकच अपराध. (तेल त्यांनी कुठल्या भोकातून भरलं, हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.)

पुढच्या एक्सलचे गियर तसेच जुने होते. पुढचे आणि मागचे गियर वेगळे असले तर चाकं आपापसांत भांडतात, म्हणून पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा मी काढून ठेवला. म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी मी सहा आठवड्यांच्या मेहनतीनं दोन चाकांवर आणली होती. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

सगळं जोडून झालं त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला जीपची पूजा ठेवली. जीप छपरासमोर अंगणात, तोंड वाटेकडं. मागं, दहा हातांवर, म्हशीची गव्हाण. आईनं चाकांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. ताट मात्र तिनं जीपच्या मागं ठेवलं होतं, कारण पुढं मी जाणार होतो. दादा मोड्याशेजारी उभे. शालन दारात, चौकटीला टेकून. तिला अजून तीन आठवडे होते.

मी चढलो. इंजिन चालू केलं. पहिला गियर टाकला, समोर वाटेकडं बघून क्लच सोडला, आणि मोड्याशेजारचे दादा मागं राहायच्या ऐवजी पुढं जायला लागले.

मला काही कळेना. मी गडबडून आणखी गॅस दिला. पूजेचं ताट चाकाखाली गेल्याचा आवाज आला, आई ओरडली, आणि एक मोठा धक्का बसून जीप थांबली. मागं वळून पाहिलं तर गव्हाण अर्धी आडवी झालेली, आणि म्हैस तोंडातला कडबा तसाच धरून माझ्याकडं बघत होती.

दादांनी टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.

"गियर चुकला," मी म्हणालो आणि पुढं यायला पुन्हा पहिलाच टाकला. उरलेली गव्हाणही गेली.

मग मी रिव्हर्स टाकला, निव्वळ हताश होऊन. जीप शांतपणे, शहाण्यासारखी पुढं आली.

गणपत मिस्त्री जीपच्या खाली गेले. बराच वेळ फक्त त्यांचे पाय दिसत होते. मग खालून त्यांचा आवाज आला, "वसंतराव, एक्सल पालथा बसलाय. आपन खुना केल्या तवा त्यो उताना पडला हुता."

"म्हणजे?"

"म्हंजे आता पुडचं मागं आन मागचं पुडं."

दारातून हसण्याचा आवाज आला. शालन हसत होती. आमच्या घरात सून मोठ्यानं हसत नसे, पण त्या दिवशी तिचा नाइलाज होता. पदर तोंडात कोंबला, तरी हसू खांद्यांतून बाहेर येत होतं. ती हसत हसत खाली बसली. मग हसू एकदम थांबलं. तिनं चौकट घट्ट धरली.

आई तिच्याजवळ गेली, तिच्या पोटावर हात ठेवला, आणि आमच्याकडं न बघता म्हणाली, "वसंता, पोरीला दवाखान्यात न्यायाचं. आत्ता."

गावच्या सुईणबाई लेकीकडं वैजापूरला गेलेल्या. बैलगाडी होती, पण त्या लगद्यातून बैलगाडीला अडीच तास. आई म्हणाली, तेवढा वेळ नाही. मी वाटेकडं पाहिलं, शालनच्या घामेजल्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि तिच्या भावाला पाजलेला तो चहा मला आठवला. मी कधी कुणाला एवढा महाग चहा पाजला नव्हता.

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "रिव्हर्सवर पुडं जाती की. चला."

जीपच्या मागच्या भागात गोधड्या घातल्या. मोड्यावरून शालनला वर चढवलं. आई तिच्याशेजारी. मिस्त्री माझ्या बाजूला. दादा म्हणाले, "मी म्हशीकडं बघतो. तुमी जा. पन तोंड कुनीकडं करून जाताय ते मला सांगू नका."

आणि एक सांगायलाच हवं. टायर कमाल होते. ज्या लगद्यात पूर्वी जीप पोटावर बसायची, त्यातून ती म्हातारा हत्ती जावा तशी सावकाश, न थांबता निघाली. मला क्षणभर अभिमान वाटला. हा अभिमान सुमारे एक फर्लांग टिकला. कारण रिव्हर्सचा गियर काही मैलोनमैल चालवायला बनवलेला नसतो. तो किंचाळत होता, आणि दर पन्नास पावलांवर खट्‌ करून निसटत होता. शेवटी मिस्त्रींनी दोन्ही हातांनी गियरचा दांडा धरून ठेवला. वेग म्हणाल तर बाजूच्या बांधावरून एक म्हातारी भाजीची पाटी घेऊन चालली होती, ती आमच्या पुढं गेली. वर आणि "शालन हाय का? बरं हाय ना पोरी?" असं विचारायला थांबली. आम्ही तिला गाठलं, उत्तर दिलं, आणि ती पुन्हा पुढं गेली.

दीड मैलानंतर डांबरी रस्ता लागला तेव्हा रेडिएटरमधून वाफ येत होती आणि शालनच्या कळा जवळजवळ यायला लागल्या होत्या. आणखी तीन मैल. मी गॅस पूर्ण दाबला. किंचाळणं वाढलं, वेग नाही.

मागून शालनचा आवाज आला, दातांवर दात ठेवून. "अहो."

"काय गं?"

"ह्या बाजूनं किती गेर हायेत?"

"एक."

"आन त्या बाजूनं?"

मिस्त्री म्हणाले, "तीन."

"मग फिरवा गाडी."

"अगं, एवढं अंतर उलटं कसं—"

"फिरवा म्हन्ते ना," ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं मला हुकूम दिला, आणि त्यानंतर ती सवय काही गेली नाही.

मी फिरवली. आता जीपची पाठ पुणतांब्याकडं आणि तोंड घराकडं. पहिला गियर टाकला, दुसरा टाकला, आणि जीप सुटली. मी सीटवर अर्धा वळून, एक हात स्टिअरिंगवर, मान पाठीवर. समोर आई आणि शालन, म्हणजे मागं बसलेल्या त्या दोघी आता सगळ्यांत पुढं. त्यांना रस्ता दिसत होता, मला फक्त आईचा अंबाडा दिसत होता.

"डावीकडं घे," आई म्हणाली.

मी घेतलं. जीप सरळ बाभळीकडं निघाली.

"डावीकडं म्हन्ले मी!"

"डावीकडंच घेतली."

"माझ्या डावीकडं रं मुडद्या, तुझ्या न्हाई!"

मग मिस्त्रींनी तोडगा काढला. रस्त्याच्या एका अंगाला पाट, दुसऱ्या अंगाला रेल्वेचे रूळ; तेव्हा डावं-उजवं सोडायचं, 'पाटाकडं' आणि 'रेल्वेकडं' म्हणायचं. "पाटाकडं. पाटाकडं. आता जरा रेल्वेकडं. लई झालं, पाटाकडं." असे आम्ही तीन मैल गेलो. उलट्या गाडीचं स्टिअरिंग फार बेइमान असतं. बोटभर फिरवलं तरी गाडी हातभर जाते. त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही कडा आम्ही सारख्याच वापरल्या.

रस्त्यावरच्या माणसांचं काय झालं ते मी पूर्ण पाहिलं नाही, कारण मधे आईचा अंबाडा होता. पण सायकलवरचा एक जण आम्हाला पाहून सायकलीवरून न उतरताच शेतात शिरला एवढं दिसलं.

आणि मग समोरून एस्टी आली.

एस्टीच्या ड्रायव्हरला दिसली जीपची पाठ. तो बिचारा समजला की पुढं एक जीप त्याच्याच दिशेनं चाललीय आणि रेंगाळतेय. त्यानं हॉर्न दिला. जीप जवळ आली. त्याला वाटलं आपणच फार वेगात आहोत, त्यानं वेग कमी केला. जीप आणखी जवळ आली. मग त्याला मागच्या फळीवरून दोन बायकांचे चेहरे दिसले, आणि त्यातली एक हात उंचावून ओरडत होती, "सर बाजूला! पोटुशी हाय!"

त्यानं ब्रेक मारला. मीही मारला. दोन गाड्यांमध्ये एका हाताचं अंतर राहिलं. एस्टीतले सगळे प्रवासी उभे राहिले. ड्रायव्हर खाली उतरला, जीपभोवती फिरून माझ्यापाशी आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, माझाही असणार.

"कुटं निगालाय?"

"पुणतांब्याला."

त्यानं जीपच्या तोंडाकडं पाहिलं, ते जिकडं बघत होतं त्या रस्त्याकडं पाहिलं. "मग असं का?"

"असं जास्त जोरात जाते," मी म्हणालो.

ह्या उत्तराचा त्याच्यावर काय परिणाम झाला ते मला कळलं नसतं, पण तेवढ्यात शालनला मोठी कळ आली. तिनं एकदाच "आई गं" म्हटलं, आणि सगळी एस्टी गप्प झाली. ड्रायव्हर पळत गेला, बस कडेला चिखलात उतरवून त्यानं आम्हाला रस्ता दिला. कंडक्टर रस्त्यावर उभा राहून हात हलवत म्हणाला, "येऊ द्या, येऊ द्या." उलटं येणाऱ्या गाडीला कंडक्टर जसं म्हणतात तसंच. आयुष्यात मला एवढं योग्य मार्गदर्शन पुन्हा मिळालं नाही.

"तिसरा टाका," शालन म्हणाली.

"अगं, तिसऱ्यात—"

"तिसरा."

तिसरा टाकला. गावात बाजाराचा दिवस होता. "पाटाकडं, रेल्वेकडं" आता चालेना, कारण गावात दोन्ही दिसत नव्हते. मिस्त्री सीटवर उभे राहून "हटा, हटा" करत होते. एका टोपलीवरून चाक गेलं, त्यात वांगी होती हे आम्हाला दवाखान्यात टायरच्या खाचा बघून कळलं. सरकारी दवाखान्याच्या फाटकातून मी जीप आत घेतली ती थेट पायरीपर्यंत. आणि इथं, पहिल्यांदाच त्या दिवशी, सगळं नीट झालं. मागची फळी बरोबर वरच्या पायरीच्या उंचीला टेकली. सिस्टर बाहेर आल्या, त्यांनी फळी उघडली आणि शालनला सरळ स्ट्रेचरवर घेतलं.

"बरं झालं गाडी उलटी लावली," सिस्टर म्हणाल्या. "नाहीतर लोक तोंड आत घालून उभे राहतात."

माझी मान सरळ होत नव्हती.

पुढची पंचवीस मिनिटं मी व्हरांड्यात मान वाकडी करून फेऱ्या मारत होतो. मिस्त्री बाजूला उकिडवे बसले होते. मी त्यांना म्हणालो, "मिस्त्री, तुम्ही सांगत होता. बुचाचं." ते म्हणाले, "व्हय." "मग जोरानं का नाही सांगितलं?" "तुमी पुस्तकाचं नाव घेतलं," ते म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पाहिलं असावं, कारण त्यांनी विडी पुढं केली. मी विडी ओढत नसे. त्या दिवशी ओढली, आणि खोकलो इतका की सिस्टर बाहेर आल्या ते दरडावायला. जाता जाता म्हणाल्या, "मुलगी झालीय. दोघी बऱ्या आहेत. आता तरी खोकू नका."

आत गेलो तेव्हा आई बाळाला घेऊन बसली होती. शालन डोळे मिटून पडली होती. मी तिच्याजवळ गेलो. म्हणालो, "चुकलंच माझं. तुझ्या भावाबरोबर पाठवायला हवी होती."

तिनं डोळे उघडले, माझ्या वाकड्या मानेकडं पाहिलं. "मान दुकती का?"

"थोडी."

"दुकू द्या," ती म्हणाली, आणि माझा हात धरून झोपली.

मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी वेल्डिंगचं सामान आणून दवाखान्याच्या आवारातच एक्सल सुलटा केला. खुणा त्यांच्या त्यांनीच केल्या. मी जवळ आलो की ते काम थांबवून विडी पेटवायचे, म्हणून मी लांबच थांबलो. जीप पुढं जायला लागली, तीन गियरांत. गावातली बरीच मंडळी ते बघायला आली, आणि सरळ चालल्यावर थोडी नाराज होऊन गेली.

पाचव्या दिवशी घरी जायच्या आधी सिस्टर जन्माच्या नोंदीचा कागद घेऊन आल्या. मुलीचं वजन, वेळ, आईचं नाव, वडिलांचं नाव.

"वडिलांचा धंदा?"

मी जरा सावरून बसलो. "शेती आणि मोटार इंजिनिअरिंग."

सिस्टरनी पेन थांबवलं आणि शालनकडं पाहिलं. शालन बाळाला पाजत होती. मान वर न करता म्हणाली, "नुसतं शेती लिहा. तेबी यंदाचं पीक बघून."

सिस्टरनी 'शेती' लिहिलं आणि कागद माझ्यापुढं केला. मी झटक्यात, शिकलेल्या माणसासारखी, लपेटदार सही ठोकली. सिस्टरनी कागद बघितला, एक सुस्कारा टाकला आणि कपाटातून दुसरा कोरा कागद काढला. 'बाळंत झालेल्या स्त्रीची सही' ह्या जागेवर माझी सही होती.